एकशेवीसऐवजी शंभर

आमची कंपनी थरथरीवर जगायची. मशीन चालू असलं की थरथरतं आणि ती थरथर कुणाच्याच कामाची नसते, म्हणून ती आपण पकडायची आणि तिची वीज करायची, असा आमचा धंदा. हे ऐकल्यावर लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या नवऱ्याकडे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या आपल्या लोकांच्या दर दुसऱ्या घरात कुणीतरी बँकेचं नाहीतर इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर लिहीत होतं. थरथर विकणारी मी एकटीच.

यंत्र म्हणाल तर आगपेटीएवढं. आत पोलादाची एक पातळ पट्टी, तिचं एक टोक घट्ट आवळलेलं, दुसऱ्या टोकावर चार बारके लोहचुंबक, आणि त्या चुंबकांच्या मध्ये केसाहून बारीक तारेचं वेटोळं. ही डबी एखाद्या कॉम्प्रेसरच्या अंगावर चिकटवली की पट्टी हलू लागते, चुंबक वेटोळ्यापुढून ये-जा करतात आणि तारेत वीज येते. तिच्यावर दिवा लागायचा नाही, पण मशीन किती तापलंय ते मधूनमधून रेडिओवर कळवण्यापुरती ती भरपूर झाली. बॅटरी बदलायला माणूस शिडी लावून वर चढायला नको, एवढाच काय तो फायदा, आणि तेवढ्यावर आम्ही सात माणसं पोट भरत होतो.

अट एकच होती. झोका त्याच्या लयीतच द्यावा लागतो, अधेमधे ढकलून तो चढत नाही. तशी ही पट्टी तिच्या ठरलेल्या लयीतच हलते. मशीनची लय जराशी वेगळी असली तरी ती ढिम्म बसून राहते. पट्टी किती लांब, किती जाड, चुंबक किती वजनाचे, यावर तिची लय ठरते, आणि ते ठरवणं हे माझं काम.

शेजारच्या वूस्टरला एमएस करून दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मी या कंपनीत लागले. दोन हजार तीनच्या डिसेंबरात नागपूरला जाऊन लग्न केलं. नवरा तिकडे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता, हाताखाली तीसेक माणसं. त्याने नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी पानगळीच्या सुमाराला तो माझ्यामागे डिपेंडंट म्हणून आला. डिपेंडंट व्हिसावर राहता येतं, जेवता येतं, गाडी चालवता येते. काम करता येत नाही.

त्यावर उपाय एकच, ग्रीन कार्ड. कंपनीने माझा अर्ज टाकला होता. कार्ड आलं की त्यालाही काम करायची मुभा. वकील म्हणाला होता दोन वर्षं, फार तर तीन. पण तो अर्ज या कंपनीशी आणि या एकाच कामाशी बांधलेला. मी नोकरी बदलली तर पहिल्यापासून सुरुवात. कंपनी बुडली तर सामान बांधायचं. आणि सात माणसांची, दुसऱ्यांच्या थरथरीवर चालणारी कंपनी बुडायला वेळ तो कितीसा लागणार? मी रोज सकाळी पार्किंगमध्ये मालकाची जुनी हिरवी गाडी उभी दिसली की सुटकेचा श्वास टाकायचे.

नवरा घरी. आमची गाडी एकच, ती मी घेऊन जायचे. अपार्टमेंटच्या दारातून रूट नाइनचा हायवे जातो आणि त्याला फुटपाथ नाही. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात हा दूध आणायला रस्त्याच्या कडेकडेने चालत निघाला, तर पोलिसाने गाडी थांबवून विचारलं की सगळं ठीक आहे ना. इथे चालणारा माणूस म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस. नंतर हिवाळा आला आणि तो प्रश्नच मिटला. शनिवारी ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कुणी विचारायचं, "तू कुठे आहेस कामाला? फिडेलिटी का?" तो म्हणायचा, "मी हिच्याकडे आहे." लोक हसायचे. मीही हसायचे, आणि गाडीत बसल्यावर त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

पहिल्या वर्षी तो स्वयंपाक शिकला. दुसऱ्या वर्षी त्याने स्वयंपाक सोडला. मी संध्याकाळी घरी आले की तो खिडकीशी बसलेला असायचा, दिवा न लावता. मी विचारायचे, काय केलंस दिवसभर? तो म्हणायचा, "काय करून राहिलो असेल?" मला राग यायचा. इथे मी एकटी राबतेय, वर घरी येऊन याचं तोंड बघायचं. हे मी त्याला एकदा बोलूनही दाखवलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट आहे.

अपार्टमेंटच्या तळघरातला कपडे वाळवायचा ड्रायर बंद पडला होता. मॅनेजर बाई महिनाभर माणूस येतोय, माणूस येतोय म्हणत होत्या. एका दुपारी नवऱ्याने तो उघडला, पट्टा निसटला होता तो बसवला आणि मशीन चालू केलं. मग दुसरं मशीन. मग बॉयलरचा पंप आवाज करत होता, तोही. बाई खूश झाल्या आणि त्यांनी त्याला सरळ विचारलं, आमच्याकडे मेंटेनन्सला येतोस का? तो संध्याकाळी दारातच उभा होता, माझी वाट बघत. एवढ्या दिवसांत त्याचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "वेडा आहेस का तू? हे इल्लीगल आहे."

"पैसे नाही घेत. फुकट करतो."

"फुकटसुद्धा नाही चालत. कुणी रिपोर्ट केलं तर माझी केस जाईल, तुझीही जाईल."

नियम नक्की काय होता ते मला आजही माहीत नाही. मी वकिलाला विचारलंच नाही. विचारलं की फाइलवर काहीतरी लिहिलं जाईल, अशी मला भीती. दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात जाऊन बाईंना नाही सांगून आले. हा बाजूला उभा होता, शाळेतून नाव काढायला आणलेल्या मुलासारखा. जिन्यात तो एवढंच म्हणाला, "चल, भूक लागली." त्यानंतर तळघरातलं काहीही बिघडलं तरी तो खाली उतरला नाही.

दोन हजार पाचच्या शेवटी कंपनीला पहिली खरी ऑर्डर मिळाली. वूस्टरच्या पलीकडे एक मोठी डेअरी होती, तिच्या थंडगार गोदामांना चाळीस कॉम्प्रेसर. प्रत्येकावर दहा डब्या, म्हणजे चारशे. ही चाचणी पार पडली तर पुढे बऱ्याच डेअऱ्या, नाही पडली तर काय, ते मालकाने आम्हाला सांगितलं नव्हतं, पण त्याने कॉफीचं मशीन परत केलं होतं, त्यावरून आम्ही समजून घेतलं.

पट्ट्यांचं गणित मी केलं. ड्रॉइंग मी काढलं. चारशे पट्ट्या बाहेरून कापून आल्या. माझ्याकडे एक हलतं टेबल होतं. त्याला सांगाल त्या लयीत ते थरथरतं. त्यावर मी एकेक डबी ठेवून बघितली आणि प्रत्येक डबी अशी चालली की मालक मागे उभा राहून शीळ घालायचा. दोन महिने आमच्याकडे सणाचं वातावरण होतं.

फेब्रुवारीत आम्ही डेअरीत गेलो, पहिल्या कॉम्प्रेसरवर दहा डब्या लावल्या आणि मशीन चालू केलं. एकही बोलेना. दुसऱ्या कॉम्प्रेसरवर लावल्या, तिथेही तेच. कॉम्प्रेसर दात वाजतील इतका थरथरत होता आणि आमच्या डब्या ढिम्म. डेअरीचा माणूस नम्रपणे घड्याळ बघत होता.

परत येताना मालक म्हणाला, पट्टी कापणाऱ्यांनी पोलाद बदललेलं दिसतं, हलकं घातलं. त्यांना कडक पत्र लिही. मी पत्र टाइप करायला घेतलं. दोन दिवस करतच होते, कारण मनातून मला माहीत होतं की पोलाद बदललेलं नाही. मी ते मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक डबी पर्समध्ये टाकून घरी आणली. का आणली कोण जाणे. जेवताना ती ताटाशेजारी ठेवली. नवऱ्याने उचलली, झाकण काढलं, नखाने पट्टीला टिचकी दिली.

"ही किती वर चालते?"

"शंभर. सेकंदाला शंभर वेळा."

"आणि इथली लाइन किती आहे?"

मी घास हातात धरून बसले. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास ठेके घेते, आणि तिच्यावर चालणारी मशीनं त्याच्या दुपटीने, शंभराने थरथरतात. अमेरिकेची वीज साठाची. इथलं प्रत्येक मशीन एकशेवीसने थरथरतं. नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं प्रत्येक गणिताची पहिली ओळ मी एकच लिहिली होती, पन्नास घ्या. हातानेच लिहायचे, डोक्याला विचारायची गरज नव्हती. या देशात येऊन सात वर्षं झाली होती, आणि अमेरिकेतल्या डेअरीचं गणित मांडताना माझ्या हाताने पन्नासच घेतलं. मग टेबलही मी शंभरावरच लावलं. शंभराची पट्टी शंभराच्या टेबलावर नाचणार नाही तर काय करणार?

नवरा हसायला लागला. आधी हळू, मग खुर्ची मागे लोटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, तू आपली लाइन घेतली," तो म्हणाला. "चारशे पीस. सगळे नागपूरचे." त्याला असं हसताना मी दीड वर्षात बघितलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं.

"सांगून टाक उद्या," तो म्हणाला.

"आणि कंपनी बंद पडली म्हणजे?"

"तर घरी जाऊ."

तो हे फार लवकर म्हणाला. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्याच्यावर उखडले. एवढी वर्षं कुणासाठी चाललंय हे, म्हटलं. माझ्याकडे काम आहे, पगार आहे. कार्ड मला कशाला हवंय? तुझ्यासाठीच ना? तो पुन्हा पट्टीला टिचकी मारत बसला.

दोन दिवस मी मूग गिळून गप्प राहिले. पट्टीवाल्यांना मी ओळखत होते. बापलेकाचं छोटं दुकान होतं, आमच्यासारखंच कसंबसं चाललेलं. त्यांच्या डोक्यावर माझ्या चुकीचं खापर फोडायचं, की खरं सांगून कंपनी बुडवायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी अवस्था. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाने विचारलं, पत्र झालं का? मी म्हटलं, नाही, आणि सगळं सांगितलं.

मालकाने टेबलावरची डबी उचलली. मग त्याने विचारलं, "शंभरावर कुठे काय थरथरतं?"

"माझ्या देशात सगळंच," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण ड्रॉवर उपसू लागला. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात पुण्याच्या एका कॉम्प्रेसर कारखान्याची माणसं त्याला भेटली होती, त्यांचा पत्ता सापडला. आठवड्याभरात बोलणी झाली. डब्या पाठवा, म्हणाले, आमच्या मशीनवर लावून बघू. चालल्या तर घेतो. पण तुमचा माणूस पाहिजे, लावून दाखवायला. डेअरीने आम्हाला नव्या पट्ट्यांसाठी मेअखेरपर्यंत मुदत दिली. पुण्याच्या पैशात नव्या पट्ट्या येणार होत्या. म्हणजे सगळं पुण्यावर.

मालक म्हणाला, "तू जा. तुझंच तर गाव."

पुणं माझं गाव नाही, पण तो तपशील झाला. खरी अडचण अशी की माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. बाहेर पडायचं तर परत येण्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन नवा घ्यायचा. आमच्या ओळखीचा एकजण, तोही असल्याच सेन्सरवर काम करणारा, तिथे चौकशीत अडकून चार महिने बसला होता आणि त्याची कंपनी त्याच्यासाठी थांबली नव्हती. वकिलाने फोनवर एका वाक्यात निकाल दिला, पाऊल बाहेर टाकू नका. माझ्या चारशे डब्या खोक्यात भरून घरी निघाल्या होत्या. आईला बघून मला सव्वादोन वर्षं झाली होती, आणि मी त्या खोक्यांवर पत्ता चिकटवत होते.

नवरा म्हणाला, "मी जातो. माझा शिक्का चालू आहे."

कुणालाच हे सुचलं नव्हतं. मालकाने वकिलाला विचारलं, वकिलाने सांगितलं की भारतात भारताच्या माणसाने काम करायला आपली कशाला हरकत असेल? तीन आठवडे, पगार पुण्याचा कारखाना देईल. एप्रिलच्या एका सकाळी मी त्याला बोस्टनच्या विमानतळावर सोडलं. त्याने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. सुरक्षेच्या रांगेत तो माझ्याकडे वळून बघेल म्हणून मी उभी राहिले. त्याने बघितलं, हात केला आणि बूट काढायला वाकला.

पहिल्या आठवड्यात तो रोज फोन करायचा आणि एकटाच बोलायचा. कॉम्प्रेसरचा पाया कसा चुकीचा बसवलाय, फिटर लोक त्याला साहेब म्हणतात, कँटीनची उसळ बरी असते. डब्या पहिल्याच दिवशी बोलल्या. "सगळ्या," तो म्हणाला, "एकही मेलेली नाही." मी ऑफिसात ओरडून सांगितलं आणि मालकाने मला मिठी मारली. कंपनी वाचली होती, अर्ज वाचला होता. वर्ष, दीड वर्ष, आणि नवऱ्याला काम करता येईल. मी त्या संध्याकाळी त्याच्यासाठी दोन नवे शर्ट घेतले, इंटरव्ह्यूला घालता येतील असे.

तो रविवारी परतणार होता. शुक्रवारी सकाळी सातला फोन वाजला. तिकडे दुपार टळली होती, मागे मशीनचा आवाज होता.

"अगं ऐक. इथले साहेब म्हणून राहिले, मेंटेनन्सला माणूस पाहिजे. परमनंट."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मी हो नाही म्हटलं. तू नाही म्हण, मी रविवारी विमानात बसतो. खरं सांगतो, मनात काही ठेवणार नाही."

तो खरंच बसला असता. तसाच आहे तो. परत येऊन खिडकीशी बसला असता, आणि मनात काही ठेवलंही नसतं, आणि तेच मला सहन झालं नसतं. मागे कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने फोनवर हात ठेवून त्या माणसाला काहीतरी सांगितलं, नट दोन आटे सैल करा असलं काहीतरी, आणि त्या एका वाक्यातला त्याचा आवाज ऐकून मला कळलं की हा माणूस माझ्या घरात राहतच नव्हता. मला त्याचा हेवा वाटला. मग स्वतःची लाज वाटली, आणि मग नुसतं रडू आलं.

"राहा," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी इथे बघते. वर्षाचा तर प्रश्न आहे."

मेमध्ये डेअरीत एकशेवीसच्या पट्ट्या लागल्या आणि त्याही बोलल्या. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचे फॉर्म भरायची वेळ आली. नवऱ्यालाही कार्ड हवं तर त्याने तेव्हा इथे हजर राहायला हवं, वकील म्हणाला. नवरा म्हणाला, कारखान्यात दुरुस्तीचं शटडाउन आहे, या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात बघू. मी फार ताणलं नाही. ताणलं असतं तर तो आला असता, हे मला माहीत होतं. मी एकटीचे फॉर्म भरले.

दोन हजार आठमध्ये कार्ड आलं. कंपनी सोडायला मी मोकळी झाले, देश सोडायला नाही. ते टिकवायचं तर इथेच राहायला हवं, असा त्याचा नियम. कार्ड मागितलं होतं त्याच्यासाठी, पण लिफाफ्यातून एकच निघालं आणि त्यावर माझा फोटो होता. मी त्याला पुण्याला फोन लावला. त्याने अभिनंदन केलं, अगदी मनापासून. आमच्यात नवरा-बायको एकमेकांना थँक्यू म्हणत नाहीत, पण मला दुसरं काही सुचलं नाही. मी थँक्यू म्हटलं.